बेरीच्या ड्यूकचे छोटेखानी चरित्र कसे लिहावे

मध्ययुगाच्या अखेरच्या काळातील एखाद्या फ्रेंच सरदाराचे चरित्र लिहायचे असेल, तर बेरीचा ड्यूक झाँ (१३४०-१४१६) हा विषय जितका समृद्ध तितकाच फसवा आहे. त्याच्याविषयी कागदपत्रे विपुल आहेत हे खरे. पण लिंबुर्ग बंधूंनी 'त्रे रिश अर' या प्रार्थनाग्रंथातील जानेवारीच्या पानावर रंगवलेला, निळ्या झग्यात मेजवानीला बसलेला ड्यूक वाचकाने आणि लेखकाने आधीच पाहिलेला असतो, आणि पुढचे सगळे लेखन नकळत त्या चित्राभोवती फिरू लागते. म्हणून सुरुवात त्या चित्रापासून करू नये.

सुरुवात घराण्यापासून करावी. झाँ हा राजा दुसरा झाँ याचा तिसरा मुलगा. पाचवा शार्ल, आंजूचा लुई आणि बर्गंडीचा फिलीप हे त्याचे सख्खे भाऊ. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत वडील इंग्रजांच्या हाती सापडले, १३६० च्या ब्रेतिन्यी तहानंतर त्यांच्या सुटकेसाठी जे ओलीस इंग्लंडला गेले त्यांत हा विशीतला राजपुत्रही होता, आणि बेरी व ओव्हेर्न्य ही डची (ड्यूकच्या ताब्यातील प्रांत) त्याला मिळाली तीही त्याच वर्षी. हा क्रम नीट मांडला की, राजा न होताही राजाच्या इतक्या जवळ आयुष्य काढणारा माणूस वाचकाला आपोआप दिसू लागतो.

तारखांबाबत विशेष सावध राहावे. त्या काळी फ्रान्सच्या सरकारी दप्तरात नवे वर्ष ईस्टरपासून मोजत. त्यामुळे जानेवारी ते ईस्टर या काळातील कागदावर जे साल लिहिलेले असते, ते आपल्या हिशेबाने एकाने वाढवावे लागते. १४१० च्या १ जानेवारीची म्हणून नोंदलेली घटना प्रत्यक्षात १४११ मधील असते. हे एकदा चुकले की भेट आधी आणि तिचे कारण नंतर, असे हास्यास्पद प्रकार घडतात.

हे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण त्याच दिवसाची एक नोंद या चरित्राचे दार उघडते. ड्यूकच्या मौल्यवान वस्तूंची यादी रोबिने देताँप हा त्याचा अधिकारी ठेवत असे. तिच्यात लिंबुर्ग बंधूंनी नववर्षाला दिलेल्या एका 'पुस्तकाची' नोंद आहे: पांढऱ्या मखमलीचे वेष्टन, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या दोन कड्या, त्यांवर ड्यूकची मीनाकारी राजचिन्हे, आणि आत एकही पान नाही, कारण तो पुस्तकासारखा रंगवलेला लाकडाचा ठोकळा होता. पदरी असलेल्या चित्रकारांनी आपल्या धन्याची अशी थट्टा करावी आणि ती खजिन्याच्या यादीत गंभीरपणे नोंदली जावी, यातून त्यांच्यातील जवळीक जितकी कळते तितकी दहा विशेषणांनी कळणार नाही. शिवाय अशी यादी वस्तूंचे मोलही सांगते. ते लिव्हर या तत्कालीन चलनात असल्यास २० सूंचा एक लिव्हर आणि १२ दनिएंचा एक सू हे प्रमाण वापरावे. आजच्या चलनात रूपांतर करण्याच्या मोहात पडू नये.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते चरित्राचा कस इथेच लागतो. हे हिरे-माणके आणि हस्तलिखिते ज्या पैशातून आली त्यातला बराचसा करांचा होता. दक्षिण फ्रान्समधील लाँगदॉकमध्ये राजाचा प्रतिनिधी म्हणून ड्यूक नेमला गेला, त्या काळात तिथे त्युशाँ नावाच्या बंडखोरांचा उठाव पेटला. १३८९ मध्ये तरुण राजा सहावा शार्ल त्या प्रांतात गेला असता तक्रारींचा पाऊस पडला. ड्यूकचा अधिकारी बेतिझाक याला जिवंत जाळण्यात आले, आणि तेही करवसुलीच्या नव्हे, पाखंडाच्या आरोपाखाली. हा प्रसंग गाळून केवळ कलाप्रेमाचे वर्णन करणारी चरित्रे पुष्कळ आहेत. पण ड्यूकला निव्वळ लुटारू ठरवणेही तितकेच सोपे आणि तितकेच अपुरे आहे: १४०७ मध्ये राजाचा भाऊ ऑर्लेआँचा लुई याचा खून झाल्यावर ऑर्लेआँ आणि बर्गंडी या दोन्ही गटांत समेट घडवण्यासाठी हाच म्हातारा काका धडपडत होता. पुढे तो बर्गंडीविरोधी पक्षाला मिळाला, १४११ मध्ये पॅरिसच्या जमावाने त्याचा बिसेत्र येथील वाडा जाळला, आणि पुढच्याच वर्षी खुद्द राजाच्या सैन्याने त्याच्या राजधानीला, बूर्जला, वेढा घातला.

वारशाचा भाग थोडक्यात आटोपला तरी चालेल, पण तो केवळ ग्रंथापुरता ठेवू नये. १४१६ मध्ये ड्यूक वारला, लिंबुर्ग बंधूही त्याच वर्षी गेले, आणि अपूर्ण राहिलेला 'त्रे रिश अर' पुढे सुमारे सत्तर वर्षांनी झाँ कोलोंब याने पूर्ण केला. आज तो शाँतिईच्या काँदे संग्रहालयात आहे. मात्र ड्यूकचे मुलगे त्याच्या आधीच गेल्यामुळे डची राजघराण्याकडे परतली, आणि १४१८ मध्ये पॅरिसमधून पळालेला युवराज शार्ल याने बूर्जचाच आसरा घेतला. शत्रू त्याला 'बूर्जचा राजा' म्हणून हिणवत.

बूर्जला जाणे शक्य असेल तर कॅथेड्रलच्या तळघरातील समाधीमूर्ती अवश्य पाहावी. ती ज्या चॅपेलसाठी घडवली ते १७५७ मध्ये पाडले गेले. झाँ द काँब्रे याने कोरलेला ड्यूक तिथे पहुडला आहे, आणि पायाशी त्याचे राजचिन्ह असलेले अस्वल आहे.