मागच्या सीटचा पट्टा: लग्नाच्या गाडीत सगळ्यांना कसा लावायचा

मी जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याचा, भाड्याची अर्टिगा चालवतो. साखरपुडा असो, सप्तशृंगी गड असो की जळगावचा दवाखाना, पुढचा माणूस पोलिसाच्या धाकानं पट्टा लावतो आणि मागचे निवांत मांडी घालून बसतात. म्हणून मागूनच सुरुवात करतो.

आधी बकल शोधा. नवी गाडी आली की आपण लगेच रेक्झिनचं कव्हर चढवतो आणि कव्हरवाला मागची बकलं सीटखाली दाबून मोकळा होतो. आता पट्टा अडकवायचा कशात? बोटं घालून बकल वर काढा, कव्हरला तेवढी चीर पाडून घ्या. सीटच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी शिवलेली असेल, तर त्या सीटवर साधं कव्हर नकोच. मग पट्ट्याला जोरात हिसका द्या. जागीच अडकला तर ठीक, नाहीतर गाडी गॅरेजला दाखवा.

लावताना खालचा पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवायचा. वरचा खांद्याच्या मधोमध आणि छातीवरून. बरेच जण मानेला घासतो म्हणून तो काखेतून घेतात. धडक बसली की मग सगळा भार बरगड्यांवर येतो. पैठणीची घडी मोडेल म्हणून बायका नको म्हणतात. पदर, शाल बाजूला करा आणि पट्टा अंगालगत घ्या, घडी फारशी मोडत नाही. पोटुशी बाई असेल तर खालचा पट्टा पोटाच्या खालून, वरचा पोटाच्या बाजूनं. पट्टा टाळायचा नाही.

खरी कसरत म्हाताऱ्यांची. "आठेच ते जानं शे!" म्हणतात, म्हणजे इथंच तर जायचंय, एरंडोलपर्यंत. पण फागणे गाव काय, पाळधी काय, उलट्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर अंतर विचारून येत नाही. मी वाद घालत नाही. मागचं दार उघडतो, सगळ्यात मोठ्या आबांचा पट्टा स्वतः ओढून त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, "आबा, तुम्ही टक् करा." आबांनी लावला की पोरं-सुना मुकाट लावतात. आधी पोरांना सांगितलं तर कोणीच ऐकत नाही, हा माझा अनुभव.

लेकराला मांडीवर घेऊ नका. आणि आई-लेकरू एकाच पट्ट्यात तर मुळीच नको. आईचं सगळं वजन लेकरावर येतं. तान्ह्याला मागे तोंड केलेली बेबी सीट, तीही मागच्या सीटवर. थोडं मोठं झालं, पण पट्टा गळ्यावर येतोय, तर बूस्टर, म्हणजे लेकराला उंच बसवणारी बैठक घ्या.

कायदा थोडक्यात. मोटार वाहन कायद्यातलं कलम १९४ब २०१९ च्या दुरुस्तीनं आलं. चालकानं पट्टा लावला नाही तर १,००० रुपये, आणि प्रवाशांनी लावला नाही तरी दंड चालकालाच. १४ वर्षांखालच्या मुलांसाठीही तेवढाच. म्हणजे तुमचा आळस आणि माझा खिसा! ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मर्सिडीजमध्ये मागेच बसले होते. मागच्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महाग म्हणून काही वाचत नाही.

बीप बंद करायला खोटी क्लिप मिळते, ती फेकून द्या. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याच्या बदल्यात नाही.

अर्टिगात सात पट्टे, म्हणून माझ्यासकट सातच माणसं. आठवं माणूस असेल तर आदल्या दिवशीच दुसरी गाडी सांगून ठेवा. क्रूझर जीप सांगितलीत तर मागच्या आडव्या बाकांवर सहसा पट्टा नसतो. म्हातारी माणसं आणि पोरं पुढं तोंड असलेल्या सीटवर बसवा.