काचेला चिकटलेला गाल

मी कृष्णधवल फोटो हाताने रंगवते. पैसे घेऊन केलेलं माझं पहिलं काम म्हणजे चिपळूणच्या एका काकूंच्या आईवडिलांचा लग्नातला फोटो. आधी रंग भरणाऱ्या ॲपवर टाकून पाहिला तर शालू निळा झाला. काकू म्हणाल्या, "अगं, अंजिरी होता तो!" तेव्हापासून ॲपवर माझा विश्वास नाही. शालूचा रंग घरच्यांनाच विचारावा.

टर्पेंटाइन आणि पारदर्शक ऑइल कलर घेऊन कापसाने प्रिंटवर रंग चोळायचा, एवढंच हे काम. त्यातल्या दोनच गोष्टी सांगते. चकचकीत प्लास्टिक-लेपाच्या कागदावर ऑइल नुसतं घसरतं, मॅट फायबर प्रिंटच (प्लास्टिक-लेप नसलेल्या कागदावरची) घ्या. आणि ती आधी सेपिया, म्हणजे तपकिरी छटेची, करा, नाहीतर निळसर-काळ्या सावल्यांवर कितीही गुलाबी चोळा, माणूस तापातून उठल्यासारखा दिसतो. उदयपूर-नाथद्वाऱ्याचे चितारी पूर्वी अपारदर्शक रंगाचे असे थर चढवायचे की खालचा फोटो जवळजवळ झाकून जायचा. देखणं काम, पण आपलं नव्हे. आपल्याला फोटो दिसायला हवा.

माझ्या गुरुजींनी तीन महिने नुसत्या भिंती आणि आकाशं रंगवून घेतली. राग यायचा. खरं तर अजून येतो, एक महिना पुरला असता.

आता फ्रेमिंग. माझी माती झाली ती इथे. जुलै महिना, रंग बोटाला लागत नाही म्हणजे वाळला, असं मी धरून चालले. पावसात ऑइल वरून कोरडं वाटतं, आत ओलंच असतं. त्यात फ्रेमवाल्याने प्रिंट थेट काचेला लावली, मागे प्लायवूड ठोकलं, आणि मी काही बोलले नाही. फायबर प्रिंटवर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगतो, मऊ होतो आणि काचेला धरतो. गणपतीत काकूंचा फोन आला, "आईच्या तोंडावर ओला डाग दिसतोय." मी घाईघाईने काच उचलली. गाल काचेवर राहिला.

असं झालं तर काच ओढू नका. अजिबात नाही. काचेसकट स्कॅन करा, नाहीतर जाणकाराकडे न्या. आणि मुळात वेळच येऊ देऊ नका: पावसाळ्यात रंगाला पंधरा दिवस द्या, प्रिंट आणि काच यांच्यामध्ये आम्लमुक्त माउंट बोर्ड (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला (कोकणात मी दुहेरी घालते), मागे प्लायऐवजी आम्लमुक्त बोर्ड लावा. सेलोटेप नको. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावा, म्हणजे कागदाला फुगायला-आकसायला जागा मिळते.

घाबरू नका, हे हाताला बसतं. शालूचा जुना काठ खोल फ्रेममध्ये लावण्यासारखी हौसही करा, फक्त काठ प्रिंटला टेकू देऊ नका. माउंट शालूच्या रंगाचा मात्र घेऊ नका, डोळा तिकडेच जातो. मळकट पांढरा बरा.

मी रंगवली होती ती प्रत, म्हणून मूळ फोटो वाचला. मूळ फोटोला कुणी कितीही आग्रह केला तरी कापूस लावायचा नाही. काकूंना नवी प्रिंट फुकट करून दिली. ती पाच पावसाळे टिकली आहे. फक्त जून लागला की काकू ती उतरवून कपाटात ठेवतात. बंद कपाटात बुरशी उलट लवकर धरते, हे सांगून मी थकले.