फोनला लावायचा थर्मल कॅमेरा: या चुका टाळा

कॅमेरा हातात पडला त्याच संध्याकाळी मी पाणी उकळत असलेलं स्टीलचं चकचकीत पातेलं त्यातून पाहिलं. आकडा आला ४१. आत पाणी खदखदतंय आणि हा म्हणतो ४१! वस्तू खराब निघाली असं धरून मी परत पाठवायला खोकंसुद्धा शोधून ठेवलं. मग सहज सुचलं म्हणून पातेल्याला काळ्या इन्सुलेशन टेपचा बोटभर तुकडा चिकटवला, मिनिटभर थांबलो आणि पुन्हा पाहिलं. टेपवर ९३, टेपच्या कडेला लागून असलेल्या स्टीलवर पुन्हा चाळिशीच. कॅमेरा ठीकच होता. मलाच तो वाचता येत नव्हता.

हा कॅमेरा तापमान मोजत नाही, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवावी लागते. वस्तूकडून येणारे साधारण ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण तो गोळा करतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडतो. हिशेबात धरलेली गृहीतकं चुकली की आकडा चुकतो. आणि आकडा चुकलाय याचा चित्रावरून पत्ताही लागत नाही, कारण चित्र तितकंच देखणं दिसतं.

चकचकीत धातूवर विश्वास ठेवणं

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एखादा पृष्ठभाग आपल्या तापमानाच्या मानाने किती किरण बाहेर टाकतो, त्या प्रमाणाला एमिसिव्हिटी म्हणतात. रंग दिलेली भिंत, लाकूड, कागद, रबर, पाणी, माणसाची त्वचा या सगळ्यांची ०.९ च्या आसपास किंवा वर असते. घासूनपुसून लख्ख केलेल्या अॅल्युमिनियमची असते ०.०५ च्या आसपास. बहुतेक अॅप ०.९५ धरून चालतात. म्हणजे भिंतीचा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो आणि चकचकीत धातूचा निव्वळ गोंधळ.

‘मग अॅपमध्ये एमिसिव्हिटी ०.१ करून टाकू’ हा मोह टाळा. इतक्या कमी आकड्यावर ०.१ आणि ०.१५ यांच्यातल्या फरकाने उत्तर कितीतरी अंशांनी हलतं, आणि तुमच्या धातूचा नेमका आकडा कोणता हे सांगणार कोण? त्यापेक्षा टेपचा तुकडा लावा, तो धातूइतका तापेपर्यंत थांबा आणि टेपवर मोजा. फार तापणाऱ्या वस्तूवर टेप वितळेल. तिथे उष्णता सहन करणाऱ्या मॅट रंगाचा ठिपका बरा. विजेच्या उघड्या भागांना मात्र यातलं काही लावायला जाऊ नका.

चकचकीत पृष्ठभाग दुसरीही खोडी करतो: तो आरसा असतो. गुळगुळीत फरशीत कुणीतरी तापलेलं उभं आहे असं दिसलं तर ते बहुधा तुम्हीच असता. ओळखायची युक्ती सोपी आहे. दोन पावलं बाजूला सरका. गरम डाग तुमच्याबरोबर सरकला तर ते प्रतिबिंब, जागेवर राहिला तर खरी उष्णता. हेच उलट दिशेनेही घडतं. निरभ्र रात्री पत्र्याचं छप्पर कधीकधी शून्याखाली दिसतं, कारण त्यात वरचं थंडगार आकाश परावर्तित होत असतं. पत्र्यावर काही बर्फ जमलेला नसतो.

काचेतून पाहणं

खिडकी लावून बाहेरचं पाहायला गेलात तर बाहेरचं काहीच दिसणार नाही. दिसेल ते काचेचं तापमान आणि त्यात तुमचं अंधुक भूत. आपल्या डोळ्यांना पारदर्शक असलेली काच या किरणांना भिंतीसारखीच आहे. म्हणून तर या कॅमेऱ्याची भिंगं जर्मेनियमसारख्या पदार्थांची असतात. गंमत अशी की कचऱ्याची पातळ काळी पिशवी डोळ्यांना अपारदर्शक, पण थर्मल कॅमेऱ्याला तिच्यामागचा हात छान दिसतो. भिंगावर ‘सुरक्षेसाठी’ काच किंवा स्क्रीनगार्ड चिकटवणारे लोक आहेत. चिकटवल्यावर ते विचारतात की चित्र का येत नाही. भिंतीपलीकडचंही दिसत नाही. पलीकडच्या गोष्टीमुळे भिंतीचा पृष्ठभाग तापला किंवा गार पडला तरच तिचा ठसा उमटतो.

लाल दिसलं की घाबरणं

एकदा मित्राने रात्री अकराला फोटो पाठवला. भिंत लालपिवळी, मधोमध पांढरा पट्टा. खाली लिहिलं होतं, ‘आत वायर जळतेय का रे?’ मी म्हटलं, ‘आधी बाजूच्या पट्टीवरचे आकडे बघ.’ वर २८.६, खाली २७.१. दीड अंशाचा फरक! पांढऱ्या पट्ट्याच्या जागी भिंतीतला गरम पाण्याचा पाइप दिसत होता, कुणीतरी नुकतीच आंघोळ केली होती.

अॅप चौकटीतल्या सगळ्यात थंड बिंदूला निळा आणि सगळ्यात गरम बिंदूला लाल-पांढरा रंग देतं, मग त्यांच्यातला फरक १ अंशाचा असो की १०० चा. चौकटीत चहाचा कप आला की तीच भिंत क्षणात निळी पडते. म्हणून सोय असेल तर रंगांची कमाल-किमान मर्यादा हाताने ठरवून लॉक करा, विशेषतः दोन फोटोंची तुलना करायची असेल तेव्हा. मी स्वतः इंद्रधनुष्यी रंगपट्टी सोडून करडी वापरतो. दिसायला नीरस आहे, पण नसलेल्या कडा ती दाखवत नाही.

लांबून मोजणं

या कॅमेऱ्यांत ठिपके (पिक्सेल) फार थोडे असतात. फ्लिर वन या फोनला लावायच्या कॅमेऱ्याच्या तिसऱ्या पिढीतल्या साध्या मॉडेलमध्ये थर्मल चित्र ८० × ६० चं, म्हणजे उणेपुरे ४,८०० ठिपके. चित्रात ज्या रेखीव कडा दिसतात त्या शेजारच्या साध्या कॅमेऱ्यातून उसन्या घेतलेल्या असतात. दोन्ही भिंगांत थोडं अंतर असल्यामुळे जवळच्या वस्तूवर रंग एकीकडे आणि रेषा दुसरीकडे अशी चित्रं येतात. अॅपमध्ये दोन्ही जुळवायची सोय असते. नसेल किंवा जमत नसेल तर मिश्रण बंद करून नुसतं थर्मल चित्र पाहा.

२५६ × १९२ ठिपक्यांचा कॅमेरा घेतला आणि भिंगाचा आडवा कोन ५६ अंशांचा धरला, तर १ मीटरवर एक ठिपका साधारण ४ मिलिमीटर जागा व्यापतो. आकड्यावर भरवसा ठेवायचा तर वस्तूवर निदान ३ × ३ ठिपके पडायला हवेत, म्हणजे वस्तू सुमारे १२ मिलिमीटरची हवी. ५ मिलिमीटरचा तापलेला स्क्रू १ मीटरवरून पाहिलात तर आकडा येतो तो स्क्रू आणि आजूबाजूचं प्लास्टिक यांच्या सरासरीचा, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी. जवळ जा. पण भिंगाचा फोकस ठरलेला असेल तर फार जवळ गेल्यावर सगळं धूसर होतं आणि आकडा पुन्हा घसरतो. सर्किट बोर्डवरचे बारीक भाग शोधायचे असतील तर वेगळी मॅक्रो लेन्स लागतेच.

लावल्या लावल्या आकडा लिहून घेणं

मध्येच ‘टिक’ असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठतं. पुष्कळांना हा बिघाड वाटतो. आतलं शटर सेन्सरसमोर येतं, त्या एकसमान पडद्यावर सगळे ठिपके एका पातळीला आणले जातात आणि शटर बाजूला होतं. त्याचाच तो आवाज. चित्रात उभे पट्टे आले किंवा आधीच्या वस्तूची सावली रेंगाळली तर अॅपमधलं कॅलिब्रेशनचं बटण दाबून हेच काम मुद्दाम करून घ्या.

सुरुवातीची काही मिनिटं कॅमेरा स्वतःच तापत असतो आणि आकडे सरकत राहतात. वर फोन चार्जिंगमुळे गरम झालेला असला तर आणखी भर. एसीच्या खोलीतून उन्हात आलात तर पाच-दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून थांबा. आणि कॅमेरा हळू फिरवा. निर्यातीच्या नियमांमुळे बरीच मॉडेल सेकंदाला ९ पेक्षा कमी चित्रं देतात. झपकन फिरवलं की सगळं फराटे मारल्यासारखं दिसतं.

कॅमेरा ओळखलाच जात नसेल तर

तक्रार करण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये ओटीजी (फोनला बाहेरची यूएसबी उपकरणं जोडायची सोय) चालू आहे का बघा. काही अँड्रॉइड फोन १० मिनिटं वापर नसला की ते आपोआप बंद करतात. मग फोनचं जाड कव्हर काढा. कव्हरमुळे पिन अर्धवटच बसते. एक्स्टेंशन केबल वापरत असाल तर ती नुसत्या चार्जिंगची नाही ना? डेटा जाणारी लागते. पहिल्यांदा विचारलेली परवानगी घाईत नाकारली असेल तर अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन द्या. काही मॉडेलांना स्वतःची बॅटरी असते आणि ती वेगळी चार्ज करावी लागते, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

विजेच्या पॅनलची तपासणी

इथे चूक महागात पडते, म्हणून जरा थांबून. झाकण बंद असेल तर कॅमेऱ्याला झाकणच दिसतं. आणि चालू पॅनल उघडणं हे इलेक्ट्रिशियनचं काम आहे, हातात कॅमेरा आला म्हणून आपलं होत नाही.

लोड नसताना तपासलं तर सगळं गारच दिसणार. सैल जोडावर तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: निम्म्या लोडवर ती पावपट असते. आता ६ अंश जास्त दिसणारा जोड पूर्ण लोडवर २५ च्या घरात जाऊ शकतो. शेजारच्या सारख्या जोडाशी तुलना करा, पण दोन्हींवर करंट सारखा आहे का हे आधी पाहा.

आणि पातेल्याचा किस्सा इथे पुन्हा आठवा. तांब्याची चकचकीत पट्टी किंवा उघडा टर्मिनल गार दिसला म्हणजे तो गार आहे असं नाही. नजर त्याला लागून असलेल्या वायरच्या प्लास्टिक आवरणावर ठेवा. तापलेल्या जोडापाशी ते सगळ्यात गरम असतं आणि लांब जाताना हळूहळू गार होत जातं. हा उतार दिसला की जोड सैल असल्याची शंका घ्यायला जागा आहे.

थंड डाग म्हणजे ओल, गरम कपाळ म्हणजे ताप

ओलसर जागा बाष्पीभवनामुळे गार दिसते, हे खरं. पण एसीचा झोत, भिंतीतला थंड पाइप, पोकळी हेही तसेच दिसतात. कॅमेरा जागा दाखवतो. ओल आहे की नाही ते ओल मोजायच्या मीटरने ठरवा. ऊन पडून गेलेल्या भिंतीवर तर तासन्‌तास उन्हाचाच नकाशा दिसत राहतो.

तापाबद्दल एकच आकडा पुरे. या जोडकॅमेऱ्यांची अचूकता बहुधा अधिक-उणे २ ते ३ अंश सेल्सिअस असते. ३७ आणि ३९ यांतला फरक त्यातच बुडाला. थर्मामीटर लावा.

फोटो नुसताच साठवणं

गॅलरीत पडलेला रंगीत फोटो आणि प्रत्येक ठिपक्याचं तापमान सोबत बाळगणारी फाइल या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी असेल तरच नंतर भलत्याच जागी बोट ठेवून तिथलं तापमान वाचता येतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात की ती माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये तर ती नसतेच.

माझ्याकडे एका स्विचबोर्डचा वर्षभरापूर्वीचा फोटो आहे, त्यात जोडावर ४७ अंश. तेव्हा लोड किती होता, खोली किती तापलेली होती, काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे आजच्या ५२ शी त्याची तुलना करता येईना. तेव्हापासून लोड, अंतर आणि खोलीचं तापमान कागदावर लिहून तो वस्तूशेजारी ठेवतो आणि साध्या कॅमेऱ्याने वेगळा फोटो काढतो. पहिल्यांदा तो कागद थर्मलमध्येच टिपला होता. शाई आणि कागद दोन्ही एकाच तापमानाचे, त्यामुळे चिठ्ठी चित्रात कोरीच आली.