कबुलीजबाब आणि ‘मी’: पेपर लिहिताना या चुका टाळा

अठराव्या शतकातला लेखक रूसो आणि विसाव्या शतकातला फ्रेंच विचारवंत फूको यांच्यावरची उत्तरं तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘कबुलीमुळे माणसाचा खरा स्व बाहेर येतो.’ जणू स्व आत तयारच बसलाय, झाकण काढलं की झालं. रूसोच्या नावावर हे चालेल, फूकोच्या नावावर खपवू नका. त्याच्या मते बोलायला लावण्याच्या रीतीतूनच तो ‘मी’ घडतो.

आणि रूसोही वाटतो तितका सरळ नाही. 1728 मध्ये तुरीनच्या एका घरात सोळा वर्षांचा हा नोकर जुनी गुलाबी-चंदेरी फीत चोरतो आणि पकडला गेल्यावर ‘मारियोंने दिली’ म्हणतो. मारियों तिथली स्वयंपाकीण. नोकरी दोघांचीही जाते. ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रात तो गुन्हा कबूल करतो आणि लगेच पुढे सांगतो: फीत तिलाच द्यायची होती, मनात तीच होती, म्हणून तोंडी तिचंच नाव आलं! इथे सावकाश वाचा. कबुली कुठे संपली, सबब कुठे सुरू झाली? समीक्षक पॉल द मानने 1979 मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. मारियोंचं पुढे काय झालं ते कळतच नाही. रूसोचं मन मात्र पानंच्या पानं उलगडतं. ‘प्रामाणिकपणाचं उदाहरण’ म्हणून हा प्रसंग एका ओळीत उरकलात की गुण गेलेच.

ख्रिस्ती संत ऑगस्टिन आणि रूसोला एका माळेत ओवू नका. पुस्तकाचं नाव एकच, सोळाव्या वर्षीची चोरीही दोघांकडे (ऑगस्टिनकडे पेअरची). पण ऑगस्टिन देवाशी बोलतो. रूसो देवाला हाक मारतो ती माणसांची गर्दी जमवायला.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचा रोज रात्रीचा आत्मपरीक्षणाचा हिशेबही कबुलीत मोडत नाही. तो स्वतःशी मांडलेला हिशेबच.

शेवटची चूक म्हणजे फूकोला चर्चपुरता ठेवणं. वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचं झालं ते चर्चच्या 1215 च्या लॅटरन परिषदेत. गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांचं ‘कुमसार’ (पापनिवेदन) त्याच परंपरेतलं. पण अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या 1980 च्या व्याख्यानाची सुरुवात फूकोने ल्यूरे नावाच्या वेड्यांच्या डॉक्टरपासून केली. हा ल्यूरे रुग्णाला थंड पाण्याच्या शॉवरखाली उभं करून ‘मी वेडा आहे’ म्हणायला लावतो. रुग्ण म्हणतो, पण पुस्ती जोडतो: तुम्ही भाग पाडता म्हणून म्हणतोय. ल्यूरे पुन्हा पाणी सोडतो.