आईवडील इंदुरात, मुले परगावी : फोनच्या आधाराने प्रकृतीची देखरेख कशी ठेवावी

लोकमान्यनगर, राजेंद्रनगर किंवा रामबागेतल्या ज्या घरांत आता फक्त आईवडील राहतात आणि मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात आहेत, अशी मराठी घरे इंदुरात कमी नाहीत. अशा घरांतली मुले काळजीपोटी प्रथम महागडे स्मार्ट घड्याळ पाठवतात. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. डॉक्टर विचारतात त्या गोष्टी तीनच असतात : रोजच्या नोंदी काय आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि जुने रिपोर्ट कुठे आहेत. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चटकन देता यावीत, एवढ्यासाठी फोन वापरायचा आहे.

पहिले काम रक्तदाबाचे. मनगटावर बांधायच्या यंत्रापेक्षा दंडावर पट्टा बांधायचे स्वयंचलित यंत्र अधिक भरवशाचे असते. ते घेताना दंडाचा घेर टेपने मोजून पट्टा त्या मापाचा आहे की नाही ते पाहावे, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. मोजण्याची रीत आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर एकदा नीट करून दाखवावी. सकाळचा चहा आणि पोहे होण्याआधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून आणि दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पट्टा सदऱ्याच्या बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधावा, हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा आणि यंत्र चालू असताना बोलू नये. (फोनवर मुलाशी बोलत बोलत घेतलेला आकडा धरू नये, हे वेगळे सांगावे लागते.) एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. संध्याकाळीही तसेच करावे. डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या सात दिवसांच्या अशा नोंदी दवाखान्यातल्या एका मोजणीपेक्षा अधिक सांगून जातात. घरच्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक राहिली, तर ती वाढलेली समजतात. मात्र एका दिवसाच्या चढलेल्या आकड्यावरून गोळी आपल्या मनाने वाढवू नये. यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे हा नोंद ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण तारीख आणि वेळ त्यासोबत आपोआप राहतात.

साखर मोजताना हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावे आणि रक्ताचा थेंब घ्यायच्या चाचणीपट्टीची मुदत तपासावी. फळ कापलेल्या हाताने घेतलेली साखर जास्त दिसते.

दुसरे काम कागदांचे. जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट चांगल्या उजेडात, पान पूर्ण दिसेल असे फोनच्या कॅमेऱ्याने टिपून घ्यावेत आणि फाइलला आधी तारीख (वर्ष, महिना, दिवस या क्रमाने), मग नाव असे नाव द्यावे, म्हणजे ते क्रमाने लागतात. यासोबत आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा शासकीय क्रमांक, तोही काढून ठेवावा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाले आणि त्यात नोंदणी करणाऱ्याला हा १४ अंकी क्रमांक मिळतो. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल हाताशी असेल, तर हे काम काही मिनिटांत होते. आभा ॲपमध्ये आपल्या संमतीनेच रुग्णालयातली माहिती दिसते, आणि ज्या रुग्णालयांत सोय आहे तिथे क्यूआर कोड स्कॅन करून ओपीडीचा नंबर लावता येतो. आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड यांत मात्र गल्लत करू नये. आभा ही केवळ नोंदींची ओळख आहे, तिच्यातून उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही. ७० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे आहे आणि तेही काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

तिसरे काम दूरून सल्ला घेण्याचे. शासनाच्या ई-संजीवनी सेवेत मोबाइल क्रमांक आणि ओटीपीने नोंदणी करून डॉक्टरांशी विनामूल्य बोलता येते आणि चिठ्ठी फोनवर येते. खासगी डॉक्टरांशीही व्हिडिओवर बोलता येते, पण २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, तो पाहूनच औषध घ्यावे. झोपेच्या किंवा गुंगीच्या काही गोळ्या फोनवर लिहून देता येत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी नकार दिला तर त्यांच्यावर रागावू नये. आवाज बदलणे, अंग सुजणे, चालताना दम लागणे अशा तक्रारींत मात्र व्हिडिओवर न थांबता प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी.

मनाच्या प्रकृतीकडे आपल्या घरांत शेवटी पाहिले जाते. ‘वयामुळे असे होतेच’ म्हणून आई दिवसेंदिवस कमी बोलू लागते, देवळात जाणे सोडते, पहाटे तीनला उठून बसते, आणि फोनवर विचारले की ‘मी ठीक आहे, तू तुझे काम बघ’ असे सांगते. अशा वेळी ‘कशी आहेस’ असे न विचारता ‘काल झोप किती लागली, दुपारी काय खाल्ले, कोणाशी बोलणे झाले’ असे नेमके विचारावे. दोन आठवडे उदासी टिकली, तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी उपयोगी पडते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात. बेरीज १० किंवा अधिक झाली, तर डॉक्टरांना दाखवावे. ही यादी निदान करत नाही, पण बोलायला सुरुवात करून देते. नववा प्रश्न जगण्याचा कंटाळा येण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याविषयी आहे आणि त्याचे उत्तर शून्याखेरीज काहीही आले, तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

ही मदत १४४१६ या टेली मानस (शासनाची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत २० भाषांत बोलता येते आणि मराठी त्यांत आहे. घरात हिंदी सहज बोलणारे असले, तरी दुःख सांगताना माणूस आपल्या भाषेकडे वळतो, म्हणून कोणत्या भाषेत बोलायचे ते आधीच ठरवून ठेवावे. समुपदेशनाच्या वेळी इअरफोन लावून, दार लोटून बसावे, म्हणजे दुसऱ्या खोलीतल्या माणसाच्या भीतीने शब्द गिळावे लागत नाहीत.

फसवणुकीपासून सावध राहणेही या कामाचाच भाग आहे. दवाखान्याचा म्हणून इंटरनेटवर शोधलेल्या नंबरवर फोन केला, की समोरचा ‘नोंदणीचे पाच रुपये भरा’ म्हणत एखादी फाइल पाठवतो आणि ती उघडताच फोन त्याच्या ताब्यात जातो, असे प्रकार होतात. नंबर नेहमी जुन्या चिठ्ठीवरून घ्यावा, अनोळखी ॲप टाकू नये आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या क्रमांकावर फोन करावा.

आणीबाणीची तयारी आधीच करावी. पुण्यातून रुग्णवाहिकेसाठी १०८ लावले, तर फोन महाराष्ट्राच्या सेवेकडे जातो, इंदूरच्या नाही. म्हणून शेजारच्या एका घराचा नंबर, आपल्या घराची जास्तीची किल्ली, जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि ओळखीची खूण असलेला पूर्ण पत्ता शेजाऱ्यांशी बोलून ठरवावा. तोच पत्ता, चालू गोळ्यांची यादी आणि रक्तगट आईवडिलांच्या फोनच्या आणीबाणी माहितीत भरावा, कारण ती माहिती फोन कुलूपबंद असतानाही उघडता येते. इंदुरातून १०८ लावायचे काम कोणाचे, हेही त्याच वेळी त्या शेजाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे.