नाव सर्वांत शेवटी: जीवाश्म फोरामिनिफेरा ओळखायला शिकताना

सागरी गाळातील फोरामिनिफेरा, म्हणजे कवच बांधणारे एकपेशीय जीव, ओळखायला मी सुरुवात केली, तेव्हा माझी समजूत अशी होती की कवच सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, छापील चित्रांत त्याच्यासारखे चित्र शोधायचे आणि त्याखालचे नाव वहीत उतरवायचे. पुढे मार्गदर्शकांनी माझ्या स्लाइड तपासल्या, तेव्हा मी ‘ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर’ म्हणून वेगळी काढलेली बरीच कवचे ‘ट्रायलोबेटस सॅक्युलिफर’ची निघाली. दोन्हींच्या शेवटच्या वेढ्यात, म्हणजे कप्प्यांच्या वेटोळ्याच्या शेवटच्या फेऱ्यात, साधारणपणे तीन फुगीर कप्पे असतात, आणि सॅक्युलिफरची खूण मानला जाणारा पिशवीसारखा शेवटचा कप्पा तिच्या अनेक कवचांना नसतोच. फरक मुखाच्या, म्हणजे कवचाच्या उघड्या तोंडाच्या, जागेत आहे: रुबरचे मुख्य मुख आधीच्या दोन कप्प्यांमधल्या सीवनीच्या (सांध्याच्या रेषेच्या) बरोबर वर कमानीसारखे उघडते, सॅक्युलिफरचे मात्र एका बाजूला सरकलेले असते आणि तिची भिंत मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार दिसते. या दोन जाती पाण्याच्या अगदी सारख्याच थरात राहत नाहीत. त्यामुळे त्यांची सरमिसळ झालेल्या कवचांवरून काढलेले प्राचीन समुद्राचे तापमानही भरवशाचे राहत नाही. ती सगळी मोजणी मला पुन्हा करावी लागली.

तेव्हापासून मी आधी वर्णन लिहितो आणि नाव शेवटी शोधतो. पहिली नोंद भिंतीची असते: ती वाळूचे कण चिकटवून बनलेली आहे, चिनी मातीसारखी अपारदर्शक आहे, की काचेसारखी आणि सच्छिद्र आहे. एवढ्यानेच शोधाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचन पावते. मग कप्प्यांची मांडणी, शेवटच्या वेढ्यातील कप्प्यांची संख्या, सीवनी, कडेला धार आहे की ती गोलसर आहे, आणि सर्वांत निगुतीने मुख. ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ आणि ‘ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस’ इतक्या सारख्या दिसतात की मुखावर ओठासारखी पट्टी आहे का, हे पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. ती फाल्कोनेन्सिसला असते. ओल्या बारीक कुंचल्याने कवच उलटून वेढ्याची बाजू, नाभीची (मधल्या खोलगट भागाची) बाजू आणि कड अशी तिन्ही रेखाटने हाताने काढावीत. छायाचित्र सोपे आहे, पण रेखाटताना प्रत्येक सीवनीचा माग काढावाच लागतो.

केवळ आकारमानावर विसंबू नये. पिल्लावस्थेतील कवच प्रौढ कवचाहून वेगळे दिसते, आणि तळावर राहणाऱ्या अनेक जातींत एकाच जातीची दोन रूपे आढळतात: एकाचा पहिला कप्पा मोठा, दुसऱ्याचा लहान. ‘ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा’चा गोळा फुटलेला मिळाला, तर तो जपून ठेवावा, कारण आत कधी कधी आधीचे वेटोळे कवच दिसते. बाह्यरूपाने थोरांचीही फसगत झाली आहे: १८२६ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दॉर्बिन्यी यांनी या जीवांना शीर्षपाद प्राण्यांत, म्हणजे नॉटिलसच्या कुळात, बसवले होते, आणि १८३५ मध्ये त्यांचेच देशबांधव जीवशास्त्रज्ञ द्युजार्दँ यांनी ते त्याहून कितीतरी साध्या रचनेचे असल्याचे दाखवले.

नमुना तयार करण्याबद्दल थोडेच सांगतो. गाळ भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवावा आणि मंद उष्णतेवर वाळवावा. तरंगत्या जातींच्या मोजणीसाठी बहुधा १५० मायक्रॉनपेक्षा मोठा भाग घेतात आणि त्याचे समान वाटे करून सुमारे ३०० कवचे वेचतात. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवावी. आधीच्या नमुन्यातले एखादे कवच जाळीत अडकले असेल, तर ते पुढे निळे दिसते आणि बाजूला काढता येते.

लेखी वर्णनात कमाल व्यास मायक्रॉनमध्ये द्यावा आणि चित्राखाली मापपट्टी काढावी, कारण ‘शंभर पट मोठे’ हा उल्लेख चित्र लहानमोठे छापताच खोटा ठरतो. कवच झिजलेले किंवा विरघळलेले असल्यास तसे नोंदवावे. खात्री नसेल, तर नावात ‘सीएफ.’ (म्हणजे ‘याच्याशी तुलना करा’) लिहिण्यात कमीपणा नाही. रंगही टिपावा. रुबरचे गुलाबी रूप अटलांटिकमध्ये आजही आहे, पण हिंदी आणि प्रशांत महासागरांतून ते सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसे झाले. त्यामुळे हिंदी महासागराच्या तळातून उभ्या काढलेल्या गाळाच्या स्तंभात, म्हणजे गाभ्यात, खालून वर येताना गुलाबी कवचे जिथे संपतात, तिथे त्या थराचे वय हाती लागते.