लांबच्या राईडआधी बाईकचं वायरिंग: काय काय तयारी करायची

पहिलं काम कागद-पेनाचं, गाडीला हातसुद्धा लावायचा नाही. काय काय बसवायचंय ते लिहा, प्रत्येकासमोर वॅट लिहा आणि १३ नं भागा, अँपिअर मिळतात. २०-२० वॅटच्या दोन फॉगलाईट म्हणजे ४० वॅट, साधारण ३ अँपिअर. मोबाईलचा फास्ट चार्जर १८-२० वॅटचा, दीड अँपिअर धरा. इंटरकॉम, कॅमेरा किरकोळ. टायरमधे हवा भरायचा पंप मात्र एकटाच १० अँपिअरच्या घरात जातो, त्याला वेगळी लाईन. हीटेड ग्रिप (हँडलच्या गरम होणाऱ्या मुठी) सोलापूरकराला कशाला पाहिजेत, लडाखला निघाला असाल तर गोष्ट वेगळी. बेरीज झाली की सर्व्हिस मॅन्युअलमधे आपल्या गाडीचं अल्टरनेटर किती वॅटचं आहे ते बघा, त्यातून हेडलाईट, इग्निशन, पेट्रोल पंप हे गाडीचं स्वतःचं वजा करा, उरेल ते तुमचं. आणि तो आकडा वरच्या आरपीएमचा असतो, सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी आयडलला उभी असताना त्यापेक्षा बराच कमी करंट तयार होतो हे लक्षात ठेवा.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मल्टिमीटरनं १२.६ व्होल्टच्या वर दाखवायला पाहिजे, १२.२ च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. गाडी चालू करून थोडा रेस दिला की १३.८ ते १४.५ च्या मधे आली पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) दाखवा, लाईटी नंतर घ्या. आपल्याकडचा एप्रिल-मे बॅटरीला लवकर म्हातारी करतो, त्यामुळं पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल बघूनच पुढं जा.

आता मुख्य मुद्दा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलात की तो म्हणणार, "मालक, रिले कशाला उगं, हेडलाईटच्या वायरीतनं डायरेक्ट घेतो की, दहा मिनिटात होतंय." इथं नाही म्हणायचं. रिले म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, तो पाहिजेच. कंपनीनं दिलेली वायर आणि फ्यूज त्या हेडलाईटपुरते मोजून दिलेले असतात, त्यातच तुमची स्वस्तातली फॉगलाईट जोडली आणि ती शॉर्ट झाली की तोच फ्यूज उडणार आणि विजापूर रोडला रात्री ट्रकच्या मागं तुम्ही बिनहेडलाईटचे. म्हणून बॅटरीतून वेगळी लाईन, मधे फ्यूज, मग रिले, आणि रिलेतून पुढं चार-सहा जागांचा छोटा फ्यूजबॉक्स. चार पिनच्या रिलेत ३० नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ८७ मधून फ्यूजबॉक्सला, ८५ आणि ८६ मधे एकाला अर्थिंग आणि दुसऱ्याला चावी लावल्यावर करंट येणारी वायर. ही वायर बहुतेक लोक टेललाईटची घेतात, पण चावी लावल्यावर येतो आणि काढल्यावर जातो हे मल्टिमीटरनं बघूनच घ्या. रिलेची कॉईल जेमतेम ०.२ अँपिअर खाते, त्या वायरीला काही फरक पडत नाही.

चार्जर डायरेक्ट बॅटरीला लावून मोकळं व्हायचा मोह होतो, तर त्याचा हिशोब बघा. व्होल्टेज दाखवणारा यूएसबी चार्जर नुसता २० मिलिअँपिअर जरी खात राहिला तरी दिवसाला अर्धा अँपिअर-अवर जातो, आठवडाभर गाडी उभी राहिली की ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीतलं जवळजवळ निम्मं गेलं.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत पाहिजे, त्याच्या अलीकडं जेवढी वायर आहे तेवढी बिनसंरक्षणाची. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, तेव्हा लाल १०, निळा १५, पिवळा २०, असं वायर बघून निवडा, उडतोय म्हणून मोठा टाकायचा नाही. मेन लाईनला अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि १५ चा फ्यूज, पुढच्या फाट्यांना एक स्क्वेअर एमएम पुरते. वायर ऑटोची मल्टिस्ट्रँडच घ्या, घरातल्या लाईट फिटिंगची उरलेली जाड तार अजिबात नको, हादऱ्यानं आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, बसवायला घाई करायची नाही. आधी हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) वायरीत ओवून ठेवा (हे हमखास विसरतं), मग सहा-सात मिलिमीटर सोला, एकही तार तुटली नाही ना बघा, थिंबल घालून क्रिंपिंग टूलनं दाबा, पकडीनं चेपायचं नाही, आणि मग हातानं जोरात ओढून बघा. निघालं तर बरंच झालं, घरीच निघालं. सोल्डरिंग लोकांना पक्कं वाटतं पण शिसं वायरीत वर चढून तेवढा भाग कडक होतो आणि कडक भाग संपतो तिथंच हादऱ्यानं तुटतं. नुसती काळी टेप तर उन्हात महिन्याभरात चिकटा सोडते.

वायर टाकताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठं ताणतेय का, कुठं चेमटतेय का. सायलेन्सर आणि इंजिनच्या हेडपासून लांब. अर्थिंग फ्रेमच्या रंगावर स्क्रू मारून घ्यायचं नाही, निगेटिव्ह वायर परत बॅटरीपर्यंत आणा. काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा, म्हणजे पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर ॲक्सेसरीचं कपलर (जादा वस्तू जोडायचं तयार सॉकेट) कंपनीनंच दिलंय का ते शोरूमला विचारा, बऱ्याच नव्या गाड्यांना असतं, मग काहीच कापायला लागत नाही.

मोबाईलचं एक. उन्हात काळा फोन हँडलवर, वरून फास्ट चार्जिंग, तो तापून चार्जिंग बंद करणार आणि तुम्ही वायरिंगला शिव्या देणार. दुपारी साध्या स्पीडवर चार्ज करा नाहीतर फोन खिशात ठेवा. आणि होल्डरला व्हायब्रेशन डँपर घ्याच, बाईकच्या हादऱ्यानं आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो असं ॲपलनं स्वतः २०२१ मधे सांगितलंय.

सगळं झालं की लगेच हंपीला सुटायचं नाही. आधी नळदुर्गला जाऊन या, सगळ्या लाईटी आणि चार्जर चालू ठेवून. किल्ल्यापाशी उतरलात की बंद करायच्या आधी आयडलला व्होल्टेज बघा, १३ च्या खाली उतरत असेल तर एखादी लाईट कमी करा, आणि मग सीट काढून फ्यूज होल्डरला, रिलेला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर तिथलं थिंबल सैल आहे, काढून नवीन मारा. टूलकिटमधे प्रत्येक रंगाचे दोन-दोन फ्यूज, एक जादा रिले, हातभर वायर आणि चार थिंबल टाका, आणि हे सगळं सीटखाली ठेवा, डिकीतल्या शेंगाचटणीच्या पुड्याखाली नको.